डिजिटलवरचा पहिला नंबर



दहावीचा निकाल लागून आठवडा उलटायच्या आत कोल्हापुरात डिजिटल लागतात. दसरा चौकात, मिरजकर तिकटीला, राजारामपुरीत क्लासच्या गल्ल्यांच्या तोंडाला, कॉलन्यांच्या कमानींवर. फेटा बांधलेली मुलं-मुली, शेजारी त्यांच्याहून मोठा कुणातरी दादांचा फोटो, खाली टक्के आणि ठसठशीत अक्षरांत 'प्रथम'. कशात प्रथम, हे वाचायला मात्र गाडी बाजूला लावून जवळ जावं लागतं. कुणी केंद्रात, कुणी सेमी इंग्रजीत, कुणी मुलींमध्ये, कुणी 'मराठी विषयात'. एकाच बोर्डावर चार-पाच प्रथम असतात आणि त्यांतल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

मुलांच्या कौतुकाला नाक मुरडायला मी बसलेले नाही. मी हायस्कूलला शिकवते, निकालाच्या दिवशी पोरं पेढे घेऊन घरी येतात तेव्हा मलाही भरून येतं. पण दरवर्षी जून उजाडला की तुम्हा पालकांपैकी कुणी ना कुणी येऊन तोंड पाडून बसतं. "मॅडम, आमच्या पोरीला त्याच्यापेक्षा जास्त पडले, तरी स्टेजवर त्याला आधी बोलावलं." हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा खरं असतं, आणि ज्याच्यावर असतं त्याचीही बाजू बहुतेक वेळा खरी असते. असं का होतं, त्याबद्दल जरा मोकळं बोलू या.

तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशीतल्यांना 'बोर्डात आला' हे शब्द आठवत असतील. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो, आई पेढा भरवतेय, बाजूला वडील अवघडून उभे. राज्य मंडळाची गुणवत्ता यादी होती तोवर 'पहिला' म्हणजे कोण हे मंडळ सांगायचं. त्याआधी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती, तेव्हा अख्ख्या इलाख्यातून एकच पहिला यायचा. चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली, हे आजही सांगितलं जातं. एवढा त्या पहिल्या नंबराचा दरारा.

त्या यादीत खोट नव्हती असं नाही. पहिल्या आणि विसाव्या मुलात कधी कधी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच गुण असायचे, आणि तेवढा फरक तर मराठीच्या निबंधात दोन परीक्षकांच्या हातांत पडतोच. नियामक कितीही डोळ्यांत तेल घालून तपासो, हजारो परीक्षकांचा हात एकसारखा राहत नाही. मुलांवरचा ताण आणि एकेका गुणाची रस्सीखेच पाहून राज्य मंडळाने ती यादी कधीच बंद केली. आयसीएसईच्या मंडळाने 2024 मध्ये बंद केली. सीबीएसई तर पहिला कोण हे सांगत नाहीच, वर श्रेणी आणि डिस्टिंक्शनही देत नाही. प्रत्येक विषयात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या 0.1 टक्का मुलांना गुणवत्ता प्रमाणपत्र देते, तिथे विषय संपतो.

म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्या उत्तरपत्रिका आहेत, सगळे आकडे आहेत, त्या मंडळांनी 'पहिला कोण' हे ठरवणं सोडून दिलं. आणि ज्यांच्याकडे फक्त मार्कलिस्टची झेरॉक्स आहे त्या आपण, म्हणजे शाळांनी, क्लासवाल्यांनी, पतसंस्थांनी, तालीम मंडळांनी, ते काम अंगावर घेतलं. मंडळाच्या यादीला निदान एक नियम होता. आपल्याला एकही नाही, हे माझं दुखणं आहे.

झेरॉक्सवरून पहिला नंबर काढायला बसलं की काय होतं ते एकदा जवळून बघा. शहरातल्या एका पतसंस्थेत सभासदांच्या गुणवंत पाल्यांची यादी करायला मला बोलावतात. टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा, चहा, भडंग, आणि समोर संचालक. समजा, गठ्ठ्यातली एक मार्कलिस्ट राज्य मंडळाच्या मुलीची आहे. मराठी 92, संस्कृत 99, इंग्रजी 85, गणित 96, विज्ञान 95, समाजशास्त्र 94. सहा विषयांची बेरीज 561, म्हणजे 600 पैकी 93.50 टक्के. पण राज्य मंडळात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. इंग्रजीचे 85 बाजूला गेले, उरलेल्या पाचांचे 476 झाले, टक्के 95.20. शिवाय पोरीला चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड, त्याचे 7 वाढीव गुण. 483. टक्के 96.60. मुलगी तीच, पेपर तेच, टक्के तीन. आता गठ्ठ्यातली दुसरी मार्कलिस्ट सीबीएसईच्या मुलाची. पाच विषय, 477 गुण, 95.40 टक्के.

पहिलं कोण?

सहा विषय धरले तर मुलगा. बेस्ट ऑफ फाइव्ह धरलं तरी एका गुणाने मुलगा. चित्रकलेचे गुण धरले की मुलगी सहा गुणांनी पुढे. अशा वेळी मुलाचे वडील म्हणतात, "आमच्या बोर्डात ड्रॉइंगचे मार्क मिळतच नाहीत, त्यात पोराची काय चूक?" बरोबर आहे. मुलीची आई म्हणते, "आमच्या पोरीनं ते मार्क बाजारातनं आणलेत व्हय? रविवार-रविवार क्लासला जाऊन हात मोडून घेतलाय तिनं." हेही बरोबर आहे. मग चेअरमन सोन्यासारखा तोडगा काढतात, दोघांनाही 'प्रथम' देऊ या. दोन ट्रॉफ्या येतात आणि भांडण एक पायरी पुढे सरकतं. आता वाद कशावर, तर आधी नाव कुणाचं पुकारायचं.

मी तिथे दरवर्षी एकच विचारते. पुढच्या वर्षीचा नियम आत्ताच लिहून ठेवायचा का? त्यावर सगळे माना डोलावतात. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गठ्ठा येतो आणि पुन्हा चहा मागवला जातो.

हा पेच नवा नाही, आणि तो फक्त पतसंस्थेच्या टेबलावरचाही नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य मंडळाची आणि बाकीच्या मंडळांची मुलं एका तराजूत कशी तोलायची, यावर सरकारने 2008 साली पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, 2009 साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागा ठेवायचा घाट घातला. दोन्ही उच्च न्यायालयात पडलं. 2010 साली बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, तेही मुंबई उच्च न्यायालयाने नाकारलं आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात ते तरलं. इतके वकील, इतके न्यायाधीश बसून ज्याला सर्वमान्य उत्तर सापडेना, ते आपण भडंग खाता खाता काढणार, असा आपला विश्वास आहे.

आता जरा घरात येऊ या, कारण याहून मोठा अन्याय तिथे होतो आणि त्याचा डिजिटल कुठे लागत नाही.

दहावीला 100 टक्के मिळालेल्या मुलांचे राज्यातले आकडे बघा. 2018 साली 125. 2019 साली 20. 2020 साली 242. एका वर्षात महाराष्ट्रातली हुशार मुलं कुठे पळाली आणि पुढच्या वर्षी कुठून परत आली? कुठेच नाही. 2019 च्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्रातले 20 अंतर्गत गुण काढून टाकले होते, पूर्ण गुण लेखी पेपरवर होते. त्या वर्षी राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत आणि आमच्याच मुलांना नाहीत, अशी ओरड झाली आणि 2020 ला ते गुण परत आले. शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले. निकाल 95.30. त्याच्या पुढच्या वर्षी, 2021 ला, परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीच्या वर्षभराच्या मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के, आणि 100 टक्केवाले 957.

आता सांगा, तुमच्या थोरल्याची दहावी 2019 ला झाली आणि धाकटीची 2020 ला. त्याला 86, तिला 93. गेली कित्येक वर्षं घरात पाहुणे आले की काय बोलणं होतं? "थोरला जरा आळशी, धाकटी मात्र हुशार हो." तो पोरगा शेजारच्या खोलीत असतो, त्याला ऐकू येतं. त्याच्या 86 टक्क्यांची त्या सालातली किंमत काय होती हे कुणी बघितलेलंच नाही. त्या वर्षी त्याच्या शाळेत तो कितवा होता, नव्वदच्या वर किती मुलं होती, हे शाळेच्या निकालपत्रकात असतं. मागितलं तर मुख्याध्यापक दाखवतात. मी काही पालकांना ते दाखवलेलं आहे. एक आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हा तर तिसरा होता की ओ."

म्हणून दोन वेगळ्या सालांच्या टक्क्यांची तुलना घरात करायची नाही. माझं-तुमचं एवढं एक ठरलं तरी मला हा लेख पावला. तुमच्या स्वतःच्या मार्कलिस्टची तर अजिबात करू नका. "आमच्या वेळी 75 म्हणजे डोक्यावरून पाणी" हे खरं असलं, तरी त्यातून आजच्या पोराला काडीचाही बोध होत नाही.

आता एक आकडा असाही बघा. 2025 च्या दहावीत राज्यात 211 मुलांना 100 टक्के मिळाले. त्यांतली 113 एकट्या लातूर विभागातली. कोल्हापूर विभागातली, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून, 12. त्यावर आपल्याकडे हळहळ झाली, आपण मागे पडलो म्हणून. पण त्याच निकालात उत्तीर्णांच्या टक्केवारीत कोल्हापूर विभाग 96.87 टक्क्यांनी कोकणाच्या खालोखाल राज्यात दुसरा होता आणि लातूर 92.77 टक्क्यांनी शेवटून दुसरा. मला लातूरवर शंका घ्यायची नाही, तिथल्या मुलांची मेहनत जगजाहीर आहे. मला एवढंच दाखवायचंय, की 'वर कोण' हे मोजलं तर एक विभाग पुढे दिसतो आणि 'कुणी मागे राहिलं का' हे मोजलं तर दुसरा. डिजिटल फक्त पहिल्याचा लागतो. नापासाच्या काठावरून 52 पर्यंत पोरगी ओढून आणलेल्या शाळेला कुणी फेटा बांधत नाही. आमच्या व्यवसायातली खरी कमाल तिथे असते, आणि हे मी जरा फुशारकीनेच सांगते.

बारावीनंतरच्या परीक्षांचं तर विचारूच नका. 2024 च्या नीटचा निकाल 4 जूनला लागला तेव्हा 67 मुलं 720 पैकी 720 घेऊन देशात पहिली होती. मग 1563 जणांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, फेरपरीक्षा झाली, पहिले उरले 61. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि 26 जुलैच्या सुधारित निकालात पहिले उरले 17. पन्नास मुलं पावणेदोन महिन्यांत 'देशात पहिली' होऊन उतरली. त्या पन्नासांचा यात एका पैचा दोष नव्हता. सत्कार झालेले असणार, पेपरात नावं आलेली असणार. ते कसं उतरवायचं?

क्लासच्या जाहिरातींबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही शहाणे आहात. एकाच मुलाचा फोटो तीन क्लासच्या बोर्डांवर दिसला तर तिघांपैकी कुणी दोन वर्षं शिकवलेलं असतं आणि कुणी नुसती टेस्ट सीरिज दिलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियमच केलाय, की यशस्वी विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला होता हे जाहिरातीत सांगायला हवं आणि त्याचं नाव-फोटो वापरायची लेखी संमती निकालानंतर घ्यायला हवी, प्रवेशाच्या फॉर्मबरोबर नव्हे. तेव्हा ॲडमिशनच्या वेळी असा कागद पुढे आला तर सही करू नका.

आता ज्या परीक्षेसाठी मी खरं तर लिहायला बसले तिच्याकडे येते. ती ना दहावीची, ना नीटची. आठवीची. एनएमएमएस.

आपल्या जिल्ह्यात स्कॉलरशिप आणि एनएमएमएस म्हणजे गावोगावचा सण आहे. भुदरगड, कागल, राधानगरीकडची विद्या मंदिरं आणि हायस्कुलं, तिथले गुरुजी-बाई पहाटे आणि रात्री घेतात ते जादा तास, दिवाळीच्या सुट्टीत सोडवून घेतलेल्या प्रश्नपत्रिका, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन बघावं. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आई-वडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. चार वर्षांत 48,000. ज्या घरात ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत रोजावर जावं लागतं, तिथे या पैशाला ट्रॉफीपेक्षा वजन असतं.

देशभरात एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांतल्या महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682. त्या पुन्हा जिल्ह्यांत, मुलांच्या संख्येच्या हिशोबाने आणि प्रवर्गनिहाय वाटल्या जातात. आणि इथे दरवर्षी गाऱ्हाणं येतं. "मॅडम, आमच्या पोराला 130 पडले तरी निवड नाही, आणि तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्यापेक्षा कमी मार्कवाल्याची झाली. हा कुठला न्याय?"

मी तुमच्या पोराच्या बाजूची आहे, तरीही सांगते, हा न्याय बरोबर आहे. ही 'महाराष्ट्रात पहिला कोण' ठरवायची परीक्षाच नव्हे. गरिबीमुळे आठवीनंतर शाळा सुटू नये म्हणून दिलेला हा हात आहे. सगळ्या जागा एकाच यादीने भरल्या तर जिथे जादा तास घेणारे गुरुजी आहेत, गाईड मिळतात, एसटी वेळेवर येते, असेच जिल्हे त्या घेऊन जातील. त्यांत आपला पहिला असेल, म्हणून ते मला मान्य व्हायचं का? 26 जुलै 1902 ला ज्या गावातून 50 टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला, त्या गावाने तरी असं म्हणू नये.

मात्र इथे आणि पतसंस्थेत एक मोठा फरक आहे. इथला नियम परीक्षेच्या आधी छापलेला असतो. सर्वसाधारण मुलांना दोन्ही पेपर मिळून 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना 32, मग जिल्ह्याचा कोटा, मग प्रवर्ग. उत्तरसूची आधी अंतरिम लागते, तिच्यावर हरकत घेता येते, मग अंतिम लागते. तुमच्या पोराचं नाव यादीत नसेल तर का नाही, याचं उत्तर देता येतं. ते तुम्हाला आवडेलच असं नाही, पण उत्तर असतं. ट्रॉफीच्या टेबलावर मला कुणाला उत्तर देता येत नाही.

पात्र ठरूनही निवड हुकली आणि मूल मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असेल, तर 'सारथी'ची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 9,600 रुपये. तिच्यासाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो. निवड यादीत नाव नाही म्हणून फाईल बंद करून टाकणारे पालक मी पाहिलेत. गुणपत्रक फेकू नका.

आणि ज्यांची निवड झाली त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. ग्रामपंचायतीपुढे सत्कार झाला, गुरुजींच्या मोबाइलवर फोटो आला, आणि नंतर पैसे आलेच नाहीत, असं होतं. का? नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, तो भरलाच नाही. किंवा आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, आधारवर 'आप्पासो' आणि दाखल्यावर 'आप्पासाहेब'. किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. किंवा मूल नववीला हौसेने विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं आणि पात्रताच गेली. दहावीला 60 टक्क्यांच्या खाली उतरलं तर अकरावीपासून शिष्यवृत्ती बंद होते, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात 5 टक्के सूट आहे. हे सगळे नियम आधीच सांगितलेले असतात, पण फेटा बांधायच्या घाईत ते कुणी वाचून दाखवत नाही. हुशार म्हणून निवडायचं आणि मग एका अक्षरासाठी 12,000 रुपये बुडू द्यायचे, याला मी कौतुक म्हणत नाही.

गुणांवर शंका असेल तर तीही रीतीने घ्या. दहावी-बारावीला गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, आणि छायाप्रत घेतल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते. पहिले आठ दिवस नातेवाइकांना फोन करण्यात घालवलेले पालक मग शाळेच्या ऑफिसात क्लार्कवर चिडतात. क्लार्क बिचारा काय करणार.

तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे सभासद आहात, तालमीचे कार्यकर्ते आहात, शाळेच्या पालक-शिक्षक संघावर आहात. तुमच्याकडे माझं मागणं साधं आहे. यंदाच्या गुणगौरवाचा नियम निकालाआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच, लिहा आणि नोटीस बोर्डावर लावा. बेस्ट ऑफ फाइव्ह धरणार की सहा विषय? कला-क्रीडेचे गुण धरणार की त्यांचा सत्कार वेगळा करणार? राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांच्या याद्या एक की तीन? माझं मत विचाराल तर याद्या वेगळ्या ठेवा, कला-क्रीडेचा सत्कार वेगळा करा, आणि नंबर न काढता ठरलेल्या टक्क्यांवरच्या सगळ्यांना आडनावाच्या क्रमाने बोलवा. तुम्हाला नंबर काढायचेच असतील तर काढा, पण ज्या नियमाने काढलेत तो नियम डिजिटलवर टक्क्यांच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. तीन वर्षं तरी तो बदलू नका. चेअरमनसाहेबांच्या नातवाचं वर्ष आलं तरी बदलू नका.

आणि सत्काराच्या कार्यक्रमात एक टेबल वेगळं लावा. एक लॅपटॉप, नेट, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारं कॉलेजातलं एखादं पोर. एनएमएमएसला निवड झालेल्या मुलांना शाल-श्रीफळ देऊन झालं की त्या टेबलावर पाठवा. आधार, दाखला, पासबुक तपासा, नाव जुळतंय का बघा, नववीचा अर्ज भरलाय का, दहावी-अकरावीवाल्यांचं नूतनीकरण झालंय का ते विचारा. ट्रॉफीच्या निम्म्या खर्चात हे होतं. यंदा तुमच्या संस्थेत करून बघा.